निकालानंतरचा खेळ

प्रत्येक स्पर्धात्मक खेळाला दोन शेवट असतात : एक घड्याळाने ठरवलेला आणि दुसरा निकालाने. पुष्कळदा हे दोन्ही शेवट एकमेकांच्या इतके निकट येतात की त्यांच्यातील भेद ध्यानात येत नाही. बुद्धिबळात पराभव अटळ दिसू लागला की खेळाडूला डाव सोडून देता येतो आणि तसे करणे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले जाते. बास्केटबॉलला ही सोय नाही. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक संघटनेचा सामना ४८ मिनिटांचा असतो. चाळिसाव्या मिनिटाला एक संघ तीस गुणांनी पुढे असला तरी उरलेली आठ मिनिटे दोन्ही संघांना खेळावीच लागतात. या उरलेल्या वेळेला तेथील क्रीडाभाषेत ‘गार्बेज टाइम’, म्हणजे कचऱ्याचा वेळ, असे नाव आहे. अशा वेळी प्रशिक्षक आपल्या प्रमुख खेळाडूंना बाहेर बोलावतो आणि बाकावर बसून राहिलेल्या राखीव खेळाडूंना मैदानात पाठवतो. ही प्रथा इतकी रूढ आहे की तिच्या पोटात एखादा नैतिक प्रश्न दडलेला असेल, अशी शंका सहसा कोणाला येत नाही. तो प्रश्न असा की, ज्या वेळेत जिंकण्यासारखे काही उरलेले नाही त्या वेळेत प्रामाणिकपणे खेळणे म्हणजे काय, आणि त्या प्रामाणिकपणाचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला जातो?

प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम या खेळाच्या एका नियमाकडे पाहिले पाहिजे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्स या संघाने मिनिआपोलिस लेकर्सचा १९–१८ असा पराभव केला. प्रतिस्पर्ध्याच्या हाती चेंडू लागूच नये म्हणून तो आपल्याकडे धरून ठेवायचा, या धोरणाची ती परिसीमा होती. अशा निर्जीव खेळावर उपाय म्हणून १९५४ मध्ये २४ सेकंदांचा नियम आला. चेंडू ताब्यात आल्यापासून तेवढ्या अवधीत बास्केटच्या दिशेने तो फेकणे बंधनकारक झाले. या नियमाने खेळ वाचवला हे खरे. परंतु त्याबरोबरच आघाडीवरच्या संघाला स्वस्थ बसण्याचा मार्गही बंद झाला. दर २४ सेकंदांनी त्याने एक तर गुण मिळवण्याचा प्रयत्न करावा, नाही तर जाणूनबुजून चेंडू गमवावा. संयम दाखवायचा असेल तर खेळणे थांबवता येत नाही. कोणी खेळायचे एवढेच बदलता येते. राखीव खेळाडूंच्या प्रवेशाला नैतिक अर्थ प्राप्त होतो तो येथे.

या प्रथेचे पहिले समर्थन व्यवहाराचे आहे. २८ एप्रिल २०१२ रोजी शिकागो बुल्स संघ फिलाडेल्फियाविरुद्धच्या बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात १२ गुणांनी पुढे होता आणि दीड मिनिटही उरले नव्हते. तरीही संघाचा आधारस्तंभ डेरिक रोझ मैदानात होता. उडी घेताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पुढचा संपूर्ण हंगाम त्याला मुकावा लागला आणि शिकागोने ती मालिकाही गमावली. प्रशिक्षकावर टीकेचा वर्षाव झाला. परंतु दुसरी बाजूही तितकीच सबळ आहे. २७ नोव्हेंबर १९९६ रोजी डेन्व्हर नगेट्स संघाने युटा जॅझवर मध्यंतरापर्यंत ७०–३६ अशी आघाडी मिळवली होती. तो सामना अखेरीस युटाने १०७–१०३ असा जिंकला. निकाल नेमका केव्हा लागला हे निकाल लागल्यानंतरच निश्चित कळते. अर्थात प्रशिक्षकाचा निर्णय हा नेहमीच अपुऱ्या ज्ञानावर घेतलेला निर्णय असतो, आणि त्याचे मूल्यमापन नंतर घडलेल्या गोष्टींच्या आधारे करणे न्याय्य ठरत नाही.

दुसरे समर्थन अधिक उदात्त आहे, आणि म्हणूनच ते अधिक बारकाईने तपासले पाहिजे. प्रमुख खेळाडूंना बाहेर काढणे ही पराभूतावर केलेली दया होय, असे मानले जाते. या दयेची गरज कोठे असते ते २००९ च्या जानेवारीत डल्लास येथे झालेल्या मुलींच्या एका शालेय सामन्याने दाखवून दिले. त्यात एका शाळेने दुसरीला १००–० असे हरवले. मध्यंतरालाच गुणफलक ५९–० असा होता. हरलेली शाळा अध्ययनाच्या अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी होती. विजयी शाळेने जाहीर क्षमा मागितली. तिच्या प्रशिक्षकाने त्या क्षमायाचनेशी असहमती दर्शवली आणि त्याला पदावरून दूर करण्यात आले. शाळेतील खेळ हा शिक्षणाचा भाग असतो. तेथे प्रतिस्पर्धी मुलींचे हित पाहणे ही विजयी संघाचीही जबाबदारी ठरते, याविषयी मतभेद होण्याचे फारसे कारण नाही.

व्यावसायिक खेळात मात्र समोर प्रौढ, सवेतन आणि कसलेले खेळाडू असतात. त्यांना दयेची अपेक्षा असते काय, हा एक प्रश्न. आणि राखीव खेळाडू पाठवल्याने दया खरोखर साधते काय, हा दुसरा. २ डिसेंबर २०२१ रोजी मेम्फिस ग्रिझलीज संघाने ओक्लाहोमा सिटी थंडरचा १५२–७९ असा पराभव केला. ७३ गुणांचा हा फरक एनबीएच्या इतिहासातील तोवरचा सर्वांत मोठा फरक होता. मेम्फिसचा सर्वश्रेष्ठ खेळाडू जा मोरँट दुखापतीमुळे त्या दिवशी खेळतच नव्हता, आणि विजयी संघाच्या नऊ जणांनी दोन अंकी गुण मिळवले. म्हणजे तो विक्रम कोणा एका बलाढ्य खेळाडूच्या हव्यासाने घडलेला नव्हता. ज्यांना एरवी फारशी संधी मिळत नाही अशांचाही त्यात वाटा होता. त्यांनी काय करायला हवे होते? चुकीचे नेम धरायला हवे होते काय? त्याच महिन्याच्या २० तारखेला थंडर संघाने मेम्फिसमध्येच याच संघाला १०२–९९ असे हरवले. ज्याच्याविरुद्ध सर्व शक्तीनिशी खेळले गेले, त्याला त्या पराभवाने कायमचे अपमानित केले नव्हते. उलट, प्रतिस्पर्ध्याने आपल्यासमोर मुद्दाम चुकीचे खेळावे यात जो अपमान आहे, तो गुणफलकावरील कोणत्याही आकड्यात नाही.

तथापि या सर्व चर्चेत एक व्यक्ती बाजूलाच राहते, ती म्हणजे स्वतः राखीव खेळाडू. विजेत्याची सुरक्षितता आणि पराभूताची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी ज्याच्याकरवी साधायच्या, त्याचे स्वतःचे काय? एनबीएच्या संघात नियमित करारावर पंधरापर्यंत खेळाडू असतात आणि मैदानात एका वेळी पाच. शेवटच्या काही जणांच्या वाट्याला येतात ती हीच कचऱ्याची मिनिटे. काहींचा करार तर केवळ दहा दिवसांचा असतो. संघाच्या दृष्टीने निकाल लागून गेलेला असतो. या खेळाडूचा निकाल मात्र अजून लागायचा असतो. फलाची आसक्ती न धरता कर्म करावे हा गीतेचा उपदेश येथे सहज आठवतो, कारण वरवर पाहता ही वेळ निष्काम कर्माची आदर्श वेळ वाटते : फल आधीच ठरलेले आणि कर्म तेवढे उरलेले. प्रत्यक्षात चित्र याच्या उलट आहे. सामन्याचे फल संपते तेव्हाच त्या खेळाडूच्या फलाची चिंता सुरू होते. आणि त्याच क्षणी त्याच्याकडून अशी अपेक्षा केली जाते की त्याने खेळावे, पण फार खेळू नये.

२ एप्रिल २०१७ रोजी गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने वॉशिंग्टन विझर्ड्सवर १३९–११५ असा विजय मिळवला. घड्याळ संपत आले असताना जावेल मॅगी या राखीव खेळाडूने तीन गुणांसाठी प्रयत्न केला, तेव्हा प्रतिस्पर्धी ब्रँडन जेनिंग्जने त्याला ढकलून दिले. निकाल ठरल्यावर शेवटी चेंडू फेकू नये, हा अलिखित संकेत मोडला गेला होता. शेवटचे काही सेकंद चेंडू हाती धरून उभे राहणे हा निरोपाचा शिष्टाचार म्हणून समजण्यासारखा आहे. परंतु हाच शिष्टाचार आठ-दहा मिनिटांवर पसरवला, तर बलवानाच्या दयेची किंमत त्याच्याच संघातील सर्वांत दुर्बळ माणसाला चुकवावी लागते. प्रमुख खेळाडूने आपले तीस गुण आधीच मिळवलेले असतात. हात आवरायला सांगितले जाते ते ज्याने अजून एकही गुण मिळवलेला नाही त्याला. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या दानाला दान म्हणता येत नाही.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये हा कांटचा दंडक या लहानशा प्रथेलाही लागू पडतो. बोस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड ऑअरबाख विजय निश्चित झाला की बाकावर बसूनच सिगार पेटवीत. पुढे त्या सिगारवरून एक शब्दप्रयोग रूढ झाला. २००३ साली डेट्रॉइट पिस्टन्सने सर्बियाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या डार्को मिलिचिच या मुलाची दुसऱ्या क्रमांकावर निवड केली. त्या हंगामात संघ अजिंक्य ठरला. डार्कोला मात्र बहुधा विजय पक्का झाल्यावरच मैदानात धाडले जाई, म्हणून त्याला ‘मानवी विजय-सिगार’ म्हटले जाऊ लागले. या विनोदात निष्ठुरता आहे. येथे खेळाडूचा खेळ कोणी पाहत नाही. त्याचे उठून उभे राहणे ही केवळ एक खूण होते.

मग औचित्य कशात आहे? दया करायची असेल तर ती ज्याच्यापाशी शक्ती आहे त्याने स्वतःच्या पदरचे देऊन करावी. २० डिसेंबर २००५ रोजी लॉस एंजेलिस लेकर्सच्या कोबी ब्रायंटने तीन सत्रांतच ६२ गुण मिळवले होते. तोवर डल्लास मॅव्हरिक्सच्या सबंध संघाचे गुण होते ६१. चौथ्या सत्रात तो खेळला नाही. त्याला सोडून द्यावा लागला तो त्याचा स्वतःचा संभाव्य विक्रम. बलवानाने वेळीच बाहेर जावे, आणि त्याच्या जागी येणाऱ्याला मात्र कोणतीही अट न घालता खेळू द्यावे, एवढाच या प्रथेचा न्याय्य अर्थ संभवतो.

या मताच्या समर्थनार्थ जेरेमी लिनचे उदाहरण देण्याचा मोह होतो. दोन संघांनी सोडून दिलेला हा खेळाडू न्यूयॉर्क निक्सच्या बाकावर बसून होता. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याने २५ गुण मिळवले आणि तेथून संघाच्या सलग सात विजयांची मालिका सुरू झाली. परंतु युक्तिवाद अशा उदाहरणावर उभा करू नये. बहुसंख्य राखीव खेळाडूंच्या आयुष्यात असा फेब्रुवारी येत नाही. त्यांच्या मिनिटांचे मूल्य पुढे मिळणाऱ्या यशावर अवलंबून ठेवले, तर ती मिनिटे पुन्हा साधनरूपच होतात. यापेक्षा सिम भुल्लरचे उदाहरण अधिक बोलके आहे. ७ एप्रिल २०१५ रोजी सॅक्रामेंटो येथे, सामना संपायला अवघी १६ सेकंदे उरली असताना, कॅनडात वाढलेला हा पंजाबी कुटुंबातील तरुण मैदानात उतरला आणि एनबीएत खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. त्याची ती कारकीर्द तीन सामन्यांतच संपली. त्या १६ सेकंदांनी सामन्याचा निकाल बदलला नाही. तरी त्यांना कचरा म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

संस्कृत नाटकात कथानकाची गाठ सुटल्यानंतर भरतवाक्य येते. तोवर नायकाला जे मिळायचे ते मिळालेले असते आणि प्रेक्षकाला शेवट कळलेला असतो. तरीही ते पुटपुटत उरकून टाकायचे वाक्य नव्हे. नाट्यधर्म तेथेही संपत नाही. खेळाचेही तसेच आहे. निकाल लागला म्हणजे जिंकण्याचे कारण संपते, खेळण्याचे संपत नाही. प्रेक्षागार निम्मे रिकामे झाल्यावर बाकावरून उठून येणारा खेळाडू जेव्हा पूर्ण ताकदीने धावतो, तेव्हा तो पराभूताचा अनादर करीत नाही. समोरचा माणूस अजून खेळतो आहे, एवढी गोष्ट तो मान्य करीत असतो.