गिरणीचे ऋण

विधिशास्त्रात ‘व्यक्ती’ या शब्दाचा अर्थ लौकिक अर्थाहून बराच व्यापक आहे. देवालयात प्रतिष्ठापिलेली देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीच होय. तिच्या नावे जमीन असू शकते, तिच्या वतीने दावा लावता येतो. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने एका बंगाली कुटुंबाच्या कुलदेवतेच्या वादात हे तत्त्व स्पष्टपणे मान्य केले. अशीच दुसरी कृत्रिम व्यक्ती म्हणजे कंपनी. तिलाही नाव आहे, मालमत्ता आहे, कर्ज आहे. दोहोंत मोठा भेद हा की, मूर्ती भंगली तरी देवतेचे व्यक्तित्व लोपत नाही. कंपनीला मात्र मरण आहे आणि त्या मरणाचा विधी कायद्याने लावून दिलेला आहे. प्रश्न असा की, कंपनी मेली म्हणजे तिचे ऋणही मेले काय?

इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभे राहिले म्हणजे हा प्रश्न अधिकच बोचतो. कान्ह नदीच्या काठी येथे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे स्मारक आहे. इंदुरातील पहिली कापडगिरणी याच राजाने संस्थानच्या खर्चाने उभारली. पुढे 1909 साली मालवा मिल आणि 1915 साली हुकुमचंद मिल सुरू झाली. भोंगा वाजला की हजारो पावले एका दिशेने चालू लागत. वाण्याची उधारी आणि मुलींची लग्ने गिरणीच्या पगारावर अवलंबून असत. राजाची छत्री दगडात उभी आहे. गिरण्यांची छत्री कोणी बांधली नाही.

हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. 5,895 कामगारांची देणी थकली. 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनी विसर्जित करण्याच्या कामी कामगारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे असे ठरविले होते, आणि 1985 च्या दुरुस्तीने त्यांच्या देण्यांना तारणधारक धनकोंच्या बरोबरीचे स्थान मिळाले होते. म्हणजे कायदा कामगारांच्या बाजूला होता. तरीही सुमारे 224 कोटी रुपयांच्या देण्याचा मार्ग मोकळा होण्यास 2023 चा डिसेंबर उजाडावा लागला. बत्तीस वर्षे! तोवर कित्येक कामगार निवर्तले होते आणि पैसा वारसांच्या हाती पडायचा होता.

परंतु पैसा वेळेवर मिळाला असता तर ऋण फिटले असते काय? ऑस्ट्रियातील एका लहानशा गिरणगावाची हकीकत येथे विचारात घेण्यासारखी आहे. व्हिएन्नाजवळील ग्रामाटनॉयसीडल या गावात मारिएनटाल नावाची कामगार वसाहत आहे. तेथे 1830 पासून कापडाची गिरणी होती. 1929-30 च्या मंदीत ती बंद पडली आणि जवळजवळ सारी वसाहत एकदम बेकार झाली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनी तेथील जीवनाचा अभ्यास करून 1933 साली तो प्रसिद्ध केला. बेकारभत्ता काही काळ मिळत होता. वेळ तर अमाप होता. त्या वेळेत माणसे अधिक वाचतील, अधिक एकत्र येतील, असे कोणासही वाटले असते. घडले उलट. वाचनालयातून जाणारी पुस्तके जवळजवळ निम्म्यावर आली. रस्त्याने जाणारे पुरुष पुन्हापुन्हा थांबू लागले, त्यांची चाल मंदावली. आज दिवसभर काय केले, हे त्यांना सांगता येईना. बायकांचे पाऊल मात्र त्यांच्याहून जलद पडे, कारण चूल कधी बेकार होत नाही. गिरणीने केवळ मजुरी दिली नव्हती. तिने दिवसाला आकार दिला होता, आणि तो जाताना सोबत नेला.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. धंदा बुडणे हे पाप नव्हे. भांडवल घालणाराची जबाबदारी मर्यादित केली नसती, तर कित्येक गिरण्या मुळात उभ्याच राहिल्या नसत्या. हे मला मान्य आहे. पण मर्यादित झाली ती जबाबदारी. ऋण ही वस्तू निराळी आहे. आपल्या स्मृतिकारांनी पित्याचे कर्ज फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले. 2005 च्या दुरुस्तीने त्यापुढील कर्जांपुरते ते कायद्यातून गेले. तथापि, ज्याचा लाभ भोगला त्याचा भारही उचलावा, ही त्यामागील नीती कोणत्याही अधिनियमाने रद्द होत नाही.

मग मेलेल्या गिरणीचा वारस कोण? ज्या शहराने तिच्या श्रमावर बाजार थाटले, तिच्या जमिनीवर आता नवी वस्ती योजिली, ते शहर, म्हणजे आपण. पगाराचे देणे न्यायालय वसूल करून देईल. दिवसाच्या आकाराचे देणे शेजाऱ्यानेच फेडावयाचे आहे.

इंदूरच्या कामगारांनी आपल्यापुरते ते फेडलेही आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघण्याची येथे सुमारे शंभर वर्षांची परंपरा आहे. गिरण्या बंद पडल्या, पगार थांबले. तरी कामगारांनी वर्गणी आणि देणग्या गोळा करून आपापल्या गिरणीच्या नावाने झांक्या काढणे सोडले नाही. मारिएनटालात वाचनालय ओस पडू लागले. येथे निदान एका रात्रीपुरता भोंग्याचा जमाव पुन्हा जमतो. मेलेल्या कंपनीचे नाव जिवंत ठेवले ते भागधारकांनी नव्हे. ज्यांचे तिने देणे बुडविले, त्यांनी.

आपल्या मंदिरांतून उत्सवाच्या वेळी वर्गणीदारांची यादी वाचण्याची प्रथा आहे. एखादे नाव या वर्षी त्या यादीत नसते. त्या गृहस्थाची नोकरी गेलेली असते, आणि देता येत नाही म्हणून तो देवळात येणेही थांबवितो. ते गाळलेले नाव कोणाचे, एवढी चौकशी करून त्याच्या घरी जाणे आणि उत्सवाचे एखादे जबाबदारीचे काम त्याच्याकडे सोपविणे, ही दया नव्हे. ती ऋणाची फेड आहे.