आधी स्वतःचा धडा ऐका

तुमच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातला पहिला धडा काल रात्री मी मोबाइलवर, साधे इअरफोन लावून ऐकला. बारा मिनिटांचा धडा. पहिली चाळीस सेकंदं नुसती बासरी. मग ‘नमस्कार’ आला तो आडातून बोलल्यासारखा. डोक्यावर पंखा घरघरतोय, मधेच कुकरची शिट्टी, आणि पाचव्या मिनिटाला शिकवणाऱ्या बाई ‘एक मिनिट हं’ म्हणून उठून गेल्या. तेवढा तुकडा कापायचीसुद्धा कुणी तसदी घेतली नाही. अपलोड करण्याआधी तुमच्यापैकी एकाने तरी हा धडा शेवटपर्यंत ऐकला होता का?

नव्हता. ऐकला असता तर लाज वाटली असती.

आणि धडा कशाचा? मराठी उच्चारांचा! परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी! ‘जग’ असं लिहिलं की त्यातून दुनियाही वाचता येते आणि ‘जगून दाखव’मधला जगही. अक्षरं तीच, ‘ज’ वेगळा. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आपली लिपी दाखवत नाही. ते कानानेच शिकावे लागतात. म्हणजे इथे आवाज हाच धडा. तुम्ही मात्र स्लाइडवर अक्षराला लाल रंग दिलात आणि आवाज घुमणाऱ्या खोलीत उरकलात. मला, जन्मभर मराठी शिकवणाऱ्याला, त्या घुमण्यात दोन्ही ‘ज’ सारखेच ऐकू आले. त्या पोरांनी काय ओळखायचं?

पुढे तुम्ही म्हणता, ‘बघा, जीभ इथे लागते.’ इथे म्हणजे कुठे? ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं? आणि ज्याला दिसतं त्याला तरी तोंडाच्या आतलं काय दिसणार? नीट सांगा : दुनियेतला ‘ज’ म्हणताना जीभ टाळूला लागते, जगण्यातला म्हणताना वरच्या दातांच्या मागे. दोन वाक्यांचं काम आहे. मग शब्द उच्चारा आणि गप्प बसा. तीन सेकंद. मुलाला तो म्हणून बघू द्या. तुमच्या बारा मिनिटांत अशी एकही जागा नाही. श्वास न घेता बोलण्यात कसला पराक्रम आहे?

पडद्यावरचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचून दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे. वाचता येणारं मूल डोळ्यांनी पुढे गेलेलं असतं आणि कानात तुमचं मागचंच वाक्य चालू असतं. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. चित्र दाखवून तोंडी समजावलं तर बहुतेकांना नीट कळतं, तोच मजकूर पडद्यावरही छापला की गोंधळ वाढतो, असं त्यांना दिसलं. वीज कशी पडते हे सांगणाऱ्या फितीला पार्श्वसंगीत जोडलं तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कमी लक्षात राहिलं, हे त्यांनी आणि रोक्साना मोरेनो यांनी २००० साली प्रसिद्ध केलं. तेव्हा ती बासरी काढा. चाळीस सेकंदांचीही आणि बोलण्याखाली वाजणारीही.

ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी उपशीर्षकं द्या, हवी तेव्हा चालू-बंद करता येणारी. शिवाय संपूर्ण संहिता वेगळी जोडा. यात आळस चालणार नाही.

‘सर, आमच्याकडे स्टुडिओ नाही’ हे मला सांगू नका. घरात गोदरेजचं कपाट आहे ना? कपड्यांनी भरलेलं? ते उघडून त्याच्यासमोर बसा. मागे दोरीवर दोन गोधड्या टाका, घुमणं बरंच कमी होईल. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा, म्हणजे प, फ, भ म्हणताना फुंकर बसणार नाही. खिडकी लावा. घरच्यांना सांगून ठेवा. आणि कागदावरचं वाचू नका. समोर एक दहा वर्षांची मुलगी बसली आहे असं समजून तिच्याशी बोला. ती मुलगी खरंच आहे. शाळा, गृहपाठ सगळं उरकून, आजीशी फोनवर धड बोलता यावं म्हणून ती कानाला इअरफोन लावून बसते. तिच्या कानात तुम्ही पंखा घातलात.

पहिला धडा आजच काढून टाका. नवा रेकॉर्ड करा, स्वतः इअरफोन लावून शेवटपर्यंत ऐका आणि मगच माझ्याकडे पाठवा. शनिवारपर्यंत.