पद मुलाचे, हिशेब मोठ्यांचा



उन्हाळ्याची दीर्घ सुटी संपून विदर्भातील शाळा उघडतात आणि थोड्याच दिवसांत अनेक प्राथमिक शाळांमध्ये ‘शालेय मंत्रिमंडळा’ची निवडणूक होते. आपल्या वाशिम जिल्ह्यातील मराठी आणि उर्दू शाळांना हा उपक्रम नवा नाही. मतपत्रिका तयार होतात, बोटाला शाई लागते, काही ठिकाणी मोबाईललाच मतदान यंत्र बनवले जाते. मग कोणी मुख्यमंत्री होतो, कोणी स्वच्छता मंत्री, कोणी आरोग्य मंत्री. शपथविधी होतो, टाळ्या वाजतात, छायाचित्र निघते. त्या दिवशी घरी आलेल्या लेकराच्या चेहऱ्यावरचा आनंद आपण पाहिलेला असतो आणि आपल्यालाही तो हवाहवासा वाटतो.

परंतु खरा प्रश्न त्या दिवसाचा नसून त्यानंतरच्या दिवसांचा आहे. दिवाळीच्या सुटीपर्यंत त्या स्वच्छता मंत्र्याला किती वेळा विचारले गेले? तो काही बोलला असेल, तर त्याला उत्तर कोणी दिले? आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती पद देऊन त्या पदाला काम दिले नाही, तर आपण त्याला नेमके काय शिकवले? नैतिकदृष्ट्या हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही.

इस्लामच्या शिकवणुकीत पद ही शोभा नाही, ती अमानत आहे. अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपवाव्यात, असा स्पष्ट आदेश सूरह अन्-निसा (४:५८) मध्ये आहे. हजरत अबू जर (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींनी पदाची इच्छा व्यक्त केली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावले, की पद ही अमानत आहे आणि तिचा हक्क अदा न करणाऱ्यासाठी कयामतच्या दिवशी ती अपमानाचे कारण ठरेल. ‘सहीह मुस्लिम’मधील या हदीसचा आशय ज्याने समजून घेतला, तो पदाची चेष्टा करणार नाही आणि दुसऱ्यालाही करू देणार नाही.

येथे एक शंका उपस्थित होते. मूल तर मुकल्लफ नाही. ते वयात येईपर्यंत त्याच्या कर्मांची नोंद करणारी लेखणी उचललेली असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मग त्याच्यावर अमानतीचा भार कसा टाकायचा? शंका योग्य आहे आणि तिच्या उत्तरातच या लेखाचा गाभा आहे. मुलाच्या हाती दिलेली अमानत पेलण्याचा सराव मूल करते. तिचा हिशेब मात्र देणाऱ्याच्याच नावावर राहतो. प्रत्येक जण आपापल्या कळपाचा राखणदार असून त्याला त्याविषयी विचारले जाईल, या बुखारी व मुस्लिम यांनी नोंदविलेल्या शिकवणुकीचा येथे हाच अर्थ होतो. वर्ग अस्वच्छ राहिला म्हणून स्वच्छता मंत्र्याला सर्वांसमोर बोलणे लावणे, किंवा मंत्रिपदाच्या नावाखाली गरीब घरच्या मुलांकडून आणि मुलींकडूनच झाडलोट करून घेणे, हा या तत्त्वाचा उघड भंग आहे. असे करणारा मोठा माणूस आपला भार लहानाच्या खांद्यावर लोटून मोकळा होऊ पाहतो.

दुसऱ्या बाजूने, ‘सराव’ म्हणजे ‘खोटे खोटे’ नव्हे. सात वर्षांच्या मुलाला नमाजची सवय लावण्याचा आदेश प्रेषितांनी (स.) दिला, वास्तविक नमाज त्याच्यावर अद्याप फर्ज झालेली नसते. तरीही ते मूल खऱ्या पाण्याने वुजू करते आणि खऱ्या किब्ल्याकडे तोंड करून उभे राहते. त्याची नमाज सरावाची असली तरी नाटकाची नसते. हाच नियम आपण मुलाला दिलेल्या जबाबदारीला का लावू नये? काम लहान असावे, पण ते खरे असावे.

एक उदाहरण मनासमोर आणा. चौथीतील एक मुलगी बालसभेत उभी राहते आणि म्हणते, “गुरुजी, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही.” एवढेच एक वाक्य. आपला जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि त्या कार्यक्रमात शिक्षणाची जी प्रगती मोजली जाते, तीत मुलींच्या वापरात असलेल्या स्वच्छतागृहांचाही समावेश आहे. कागदावर ‘स्वच्छतागृह आहे’ अशी नोंद होऊ शकते. दाराला कडी आहे की नाही, हे मात्र आत जाणाऱ्या मुलीलाच ठाऊक असते. मुलांचे ऐकायचे ते केवळ त्यांना बरे वाटावे म्हणून नव्हे. जे त्यांना ठाऊक असते ते आपल्याला ठाऊक नसते, म्हणून ऐकायचे. श्रद्धावंतांचे व्यवहार आपसातील सल्लामसलतीने चालतात, असे सूरह अश्-शूरा (४२:३८) मध्ये त्यांचे वर्णन आले आहे. सल्लामसलतीचे एक शहाणपण हेच आहे, की ज्ञान एकाच डोक्यात साठवलेले नसते.

आता त्या मुलीला तीनपैकी एक उत्तर मिळाले पाहिजे. कडी बसवली, अमुक दिवसापर्यंत बसवू, किंवा या कारणामुळे आज शक्य नाही, तोपर्यंत अशी सोय करू. तिन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. चौथे उत्तर म्हणजे मौन, आणि ते सर्वांत महाग पडते. ज्या मुलीला मौन मिळाले ती दुसऱ्यांदा उभी राहणार नाही. पुढे कधी याहून गंभीर गोष्ट सांगण्याची वेळ तिच्यावर आली, तर तेव्हाही ती गप्पच राहण्याची भीती आहे.

विचारणे म्हणजे काय, याचा आदर्श प्रेषितांच्या (स.) जीवनात अगदी साध्या प्रसंगात दिसतो. एकदा त्यांच्यासमोर पेय आणले गेले. ते प्यायल्यानंतर पेला उजवीकडून फिरवायचा होता. उजवीकडे एक मुलगा होता, डावीकडे वडीलधारी मंडळी. त्यांनी त्या मुलाला विचारले, की हा पेला आधी या वडीलधाऱ्यांना देण्यास तुझी परवानगी आहे काय? मुलाने नकार दिला. आपल्याकडून मिळणारा वाटा मी कोणालाही देणार नाही, अशा अर्थाचे तो बोलला. प्रेषितांनी (स.) पेला त्याच्याच हातात ठेवला. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. वाचकहो, विचार करा. ज्याला ‘नाही’ ऐकण्याची तयारी नाही, त्याने विचारलेच नाही असे समजावे. ज्या सभेत मुलांनी फक्त ‘हो’ म्हणायचे असते, ती सल्लामसलत नसते.

नेतृत्व कोणाला द्यावे, याविषयी हजरत अम्र बिन सलमा (रजि.) यांचा प्रसंग बोधप्रद आहे. त्यांच्या कबिल्याने इस्लाम स्वीकारला, तेव्हा ज्याला कुरआन सर्वाधिक पाठ असेल त्याने नमाज पढवावी, असे त्यांना सांगण्यात आले होते. पाणवठ्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांकडून ऐकून ऐकून या सहा-सात वर्षांच्या मुलाने सर्वांहून अधिक कुरआन पाठ केले होते, म्हणून लोकांनी त्यालाच पुढे उभे केले. (नाबालिगाच्या इमामतीविषयी फुकहांमध्ये मतभेद असून हनफी मसलकात फर्ज नमाजसाठी इमाम बालिग असणे आवश्यक मानले आहे, तो मसला येथे आपला विषय नाही.) पाहण्यासारखी गोष्ट पुढे आहे. त्याचे वस्त्र अपुरे होते, सजद्यात ते वर सरकत असे. एका स्त्रीने ते लोकांच्या लक्षात आणून दिले आणि लोकांनी कापड घेऊन त्याला सदरा शिवून दिला. त्या सदऱ्याचा त्याला अपार आनंद झाला. निवड पात्रतेवर झाली आणि जबाबदारी देणाऱ्यांनी ती पेलण्यासाठी जे कमी होते ते स्वतः पुरवले. आपल्या स्वच्छता मंत्र्याला आपण असा कोणता सदरा शिवून दिला आहे?

काही पालकांना काळजी वाटते, की मुलांना बोलू दिले तर अदब सुटेल. ही काळजी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. उस्तादाचा आदर हा आपल्या परंपरेचा कणा आहे. तथापि अदब म्हणजे मौन नव्हे. अदब ही बोलण्याची रीत आहे. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी आयुष्यातील सर्वांत कठीण आदेश आपल्या मुलासमोर ठेवला तेव्हा त्याचेही मत विचारले, हे सूरह अस्-साफ्फात (३७:१०२) मध्ये आहे. मुलाचे उत्तर आज्ञाधारकतेचा कळस ठरले. पित्याने विचारल्यामुळे अदब कमी झाली नाही; विचारल्यामुळेच तिला शब्द मिळाले.

मराठी भाषेलाही या गोष्टीचा अनुभव आहे. महात्मा फुले व सावित्रीबाई यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकांनी तिला केवळ अक्षरे गिरवायला लावली नाहीत, प्रश्न विचारू दिले; म्हणून आज इतक्या वर्षांनंतरही आपण तिचे नाव घेतो.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. पदाची मागणी करू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण असताना मुलांना प्रचार करायला कसे लावायचे? माझ्या मते येथे आपण शाळेला मदत करू शकतो. मुलाने स्वतः उभे राहण्याऐवजी वर्गाने त्याचे नाव सुचवावे. दर दोन महिन्यांनी जबाबदारी बदलावी, म्हणजे लाजऱ्या मुलालाही संधी मिळेल. आणि जे आई-वडील मतांसाठी वाटायला चॉकलेटचे पाकीट दप्तरात ठेवतात, त्यांनी क्षणभर थांबावे. रक्कम दहा-वीस रुपयांची असेल, पण मुलाला त्यातून रिश्वतीचा पहिला धडा मिळतो.

कायद्यानेही मुलांचा आवाज मान्य केला आहे. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातील कलम १२ मुलाला त्याच्यासंबंधीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क देते; भारताने १९९२ साली तो करार स्वीकारला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि महाराष्ट्रात त्या समितीवर विद्यार्थ्यांनाही घेतले जाते. आपण पालक म्हणून त्या समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत त्या मुलांना बसायला जागा आणि बोलायला वेळ मिळतो काय, एवढे अवश्य पाहा.

२०१२ च्या दुरुस्तीने मदरसे या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. म्हणून मकतब-मदरशांत काम करणाऱ्या आम्हा लोकांवरील जबाबदारी हलकी होत नाही, उलट वाढते. कारण तेथे कायदा विचारायला येणार नाही, अल्लाह विचारणार आहे. मकतबमध्ये थोरल्या मुलाच्या हाती छडी देऊन लहानांवर लक्ष ठेवायला सांगणे ही जुनी सोय आहे. परंतु ज्याला पदाबरोबर छडी मिळाली, तो पद म्हणजेच छडी असे समजून मोठा होतो. त्याच मुलाच्या हाती नवख्या मुलाला कायदा वाचून दाखवण्याचे काम दिले, तर पद म्हणजे सेवा हे त्याला न सांगता कळेल.

म्हणून, वाचकहो, या वर्षी आपले लेकरू बिल्ला लावून घरी आले, तर त्याचे कौतुक जरूर करा. मग त्याला विचारा, “तुझ्याकडे काम कोणते आले?” आणि काही दिवसांनी पुन्हा विचारा, “तू काय सांगितलेस? त्यावर काय झाले?” उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर मुलाला बोल लावू नका. शाळेत जा, अदबीने चौकशी करा, आणि गरज पडली तर कडी विकत घेऊनच जा.

अल्लाह आपणा सर्वांना आपल्या लेकरांचे ऐकण्याची आणि त्यांच्या हाती दिलेल्या अमानतीचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.