पाच अंगठे

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात, चिखला नावाचं गाव आहे. तिथे जमिनीखाली मँगनीजची खाण आहे. त्या खाणीत एक तरुण कामगार होता आणि निवृत्तीला टेकलेला एक मेट होता. मेट म्हणजे खाणीतल्या टोळीचा मुकादम. काम सुरू होण्याआधी तो सब्बल घेऊन पुढे जातो आणि डोक्यावरचं छत ठोकून बघतो. आवाज खणखणीत आला तर टोळी आत शिरते. पोकळ आला तर आधी सैल दगड पाडतात, मग काम.

तरुण कामाला चोख होता. खाली उतरताना टोपी घालायचा, टोपीला दिवा लावायचा, हनुवटीखालचा पट्टा आवळायचा. पाळी संपेपर्यंत टोपी डोक्यावरून हलायची नाही. पाळी सुटली की वर यायचा, मोटारसायकलला किक मारायचा आणि उघड्या डोक्याने घरी जायचा. हेल्मेट होतं, पण ते आरशाला टांगलेलं असायचं. वाऱ्याने केस उडायचे. त्याला ते फार आवडायचं. खरं सांगायचं तर कुणाला आवडत नाही?

एक दिवस तुमसरच्या रस्त्यावर हवालदाराने त्याला थांबवलं आणि दंडाची पावती हातात दिली. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला तो धुमसतच.

“माहं डोस्कं,” तो मेटला म्हणाला. “फुटलं तं माहंच फुटन. सरकारचं का जाते?”

“खाली टोपी कायले घालतेस मंग?”

“खाली वरून दगड पडते. आन् खाली मी कंपनीचा नोकर. रस्त्यावर मी माहा मालक.”

मेट काही बोलला नाही. तरुणाला जोर चढला. “पुण्यातले शिकलेले लोक का येडे आहेत? सक्ती झाली तं पगड्या घालून मोर्चा काढला त्यायनं. आन् पगडीवाल्या शीख मानसाले तं कायद्यानंच सूट आहे. मंग मले काऊन नाही?”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू झाली, तेव्हा लोक पगड्या आणि टोप्या घालून रस्त्यावर उतरले होते. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या ज्या १२९ व्या कलमात हेल्मेट घाला म्हटलं आहे, त्याच कलमात पगडी बांधलेल्या शिखाला सूटही आहे. पोरगा वाचणारा होता.

मेटने खिशातली वही काढली. एक पान फाडलं. त्यावर सावकाश लिहिलं: ‘या माणसाच्या डोक्याशी माझा काही संबंध नाही. ते फुटलं तर मला काही करावं लागणार नाही आणि काही भोगावं लागणार नाही.’

“याच्यावर पाच जनाचे अंगठे आन,” तो म्हणाला. “आनलेस का तुह्या जन्मभराचा दंड मी भरन.”

“सही नाही चालत?”

“सही कोनाचीबी कोनीबी मारते. अंगठा पाहिजे.”

तरुण हसला. पाच अंगठे म्हणजे काय मोठी गोष्ट! त्याने ग्रामपंचायतीतून शाईचा पॅड मागून आणला आणि सुटीच्या दिवशी निघाला.

पहिल्यांदा तो शेतावर गेला. रोवणीचे दिवस होते. बायको बांधीत उभी होती, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. तिने कागद घेतला आणि दोनदा वाचला.

“तुमी पडले तं तुमाले काही समजनार नाही,” ती म्हणाली. “समजन ते मले.”

तिने कागद परत दिला. कागदाच्या कोपऱ्यावर तिचा अंगठा उमटला होता.

“हा झाला एक,” तो म्हणाला.

“तो चिखल आहे,” ती म्हणाली आणि खाली वाकून रोवायला लागली.

मग तो घरी मायजवळ गेला. माय निरक्षर. राशनच्या दुकानात, बँकेत, जिथे सांगतील तिथे ती अंगठा द्यायची. पोराने कागद पुढे केला तशी तिने लगेच अंगठा पॅडवर दाबला. मग थांबली. “का लिवलं आहे, वाचून तं दाखव.”

तो वाचायला लागला. ‘या माणसाच्या डोक्याशी माझा...’ इथपर्यंत आला. पुढचं काही तोंडातून निघेना. त्याने कागदाची घडी घातली. माय शाईचा अंगठा तसाच धरून बसली होती. त्याने तो स्वतःच्या रुमालाने पुसला आणि बाहेर पडला.

घरचे लोक हळवे असतात, तो मनात म्हणाला. परक्या माणसाकडे जावं. तो तुमसरला गेला. तिथे एकशे आठची रुग्णवाहिका उभी होती आणि चालक चहा पीत होता. चालकाने कागद वाचला.

“फोन आला का मी निघतो,” तो म्हणाला. “पडलेल्याच्या खिशात कागद आहे का, ते पाहात नाही बसत.”

“मी पडलो तं नको नेजो मले.”

“तसं नाही करता येत जी.” चालकाने कप खाली ठेवला. “आन् डोस्क्याचा जबर मार असन तं भंडाऱ्यावर भागत नाही. पुढं नागपूर. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. मी तुमाले घेऊन तिकडं गेलो, आन् इकडं एखादी बाई बाळंतपनाले अडली, तं तिले कोन नेईन? तिचा अंगठा आना आधी. मंग माहा घ्या.”

हवालदाराकडे जाण्यात अर्थ नव्हता, तरी तो गेला. हवालदाराने कागद बघितलाही नाही. “पंचनामा मलाच लिहावा लागतो,” तो म्हणाला, “आणि घरी फोनही मलाच करावा लागतो.”

मग तो दवाखान्यात गेला. रांग मोठी होती. डॉक्टर म्हातारे होते आणि त्यांना गोष्टी सांगायची हौस होती. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

“इंग्लंडात लॉरेन्स नावाचा एक नामांकित सैनिक होता,” ते म्हणाले. “१९३५ साली मोटारसायकलवरून पडला. डोकं उघडं होतं. सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा एक शल्यवैद्य होता. रोगी गेला, काम संपलं. पण या माणसाने ती गोष्ट सोडली नाही. पुढे महायुद्ध आलं. मोटारसायकलवरून निरोप नेणारे जवान शत्रूच्या गोळीशिवायच मरत होते, रस्त्यावर पडून. केर्न्सने त्यांच्या डोक्यांच्या जखमा तपासल्या, हिशेब मांडला आणि १९४१ मध्ये छापला. मग ब्रिटिश सैन्यात मोटारसायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं झालं. आता मला सांग, लॉरेन्सच्या डोक्याशी केर्न्सचा काय संबंध होता?”

“मंग हेल्मेट घातलं तं कोनीच मरत नाही का?” तरुणाने विचारलं. प्रश्न बरोबर होता.

“मरतात ना. जगभरच्या अभ्यासांचा हिशेब असा, की दहा मरणांतली चार टळतात. सहा टळत नाहीत.”

“पाहा!”

“तू चारांतला की सहांतला, हे आधी सांगता आलं असतं, तर मी आत्ता अंगठा दिला असता.” डॉक्टरांनी चष्मा चढवला. “पुढचा पेशंट.”

संध्याकाळ व्हायला आली. तरुण परतीला लागला. रस्त्याच्या कडेला एक माणूस चादर अंथरून हेल्मेटं विकत बसला होता. पातळ प्लास्टिकची, रंगीत, स्वस्त. आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकायला १ जून २०२१ पासून देशभर बंदी आहे, पण रस्त्याच्या कडेला कायदा जरा उशिरा पोहोचतो.

तरुणाने एक हेल्मेट उचललं. ते हातात वाकलं.

“याच्यानं का होते?”

“पोलिसापुरतं आहे जी,” विकणारा म्हणाला. “डोस्क्यापुरतं पाहिजे असन तं दुकानात जा.”

तरुणाने कागद पुढे केला. विकणाऱ्याने वाचला, पॅडवर अंगठा टेकवला आणि कागदावर ठसठशीत उमटवला.

“अजून एखादा कागद आहे का?” त्याने विचारलं. “त्याच्यावरबी देतो.”

दुसऱ्या दिवशी तरुणाने कागद मेटच्या हातात दिला. मेटने तो दिव्याच्या उजेडात धरला.

“एकच?”

“एकच.”

“कोनाचा?”

“हेल्मेटं विकनाऱ्याचा.”

“तुहं नाव माहीत आहे त्याले?”

“नाही.”

“ज्याले तुह्याशी काही घेनंदेनं नाही, त्यानंच तुले मोकळा सोडला,” मेट म्हणाला. “बाकी साऱ्यायनं धरून ठेवला.”

तरुण गप्प राहिला, पण फार वेळ नाही. त्याच्या मनात एक खरी गोष्ट सलत होती आणि ती बोलल्याशिवाय त्याला चैन पडेना.

“मान्य,” तो म्हणाला. “मंग तुमसरच्या रस्त्यावरच्या खड्ड्याचं का? आठवडाभर पानी भरून आहे त्यात. मानूस पडते तो खड्ड्यानं पडते. दंड मात्र पडनाऱ्यानं भरावा, आन् खड्डा ठेवनारा घरी निजला आहे. हा कोनता न्याय?”

मेटने मान हलवली. “हे बरोबर बोललास.”

त्याने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्याने पेन तरुणाच्या हातात दिलं. “लिही. सार्वजनिक बांधकाम खात्याले अर्ज. कुठं खड्डा, केवढा, कधीपासून.”

तरुणाने लिहिलं. मेटने पहिला अंगठा दिला. टोळीतल्या बाकीच्यांनी न विचारता दिले. घरी गेल्यावर बायकोने हात धुऊन दिला. मायने या वेळीही आधी वाचून दाखवायला सांगितलं. तरुणाने सगळं वाचून दाखवलं, खड्ड्याच्या खोलीसकट. “असा कागद आनत जा,” ती म्हणाली आणि अंगठा दाबला. पाचाचे पंधरा कधी झाले ते कळलंही नाही.

अर्ज द्यायला तरुण तुमसरला निघाला. आरशावरचं हेल्मेट काढून त्याने डोक्यावर चढवलं आणि पट्टा आवळला, खाली उतरताना आवळायचा तसा. पाऊस उघडलेला होता आणि उकाडा मनस्वी. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. केस चिकटले. तो वाटभर सरकारला, हवालदाराला, हेल्मेटला आणि खड्ड्याला मोठमोठ्याने शिव्या देत गेला. त्याची त्याला पूर्ण मोकळीक होती, आणि आतल्या आत त्या त्याच्या एकट्याच्याच कानांत घुमत राहिल्या.