मूठ, पाते आणि हरवलेली जागा

जुनी वस्तू समोर आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ही कुठली? प्रश्न एकच वाटतो, पण त्याच्या पोटात चार प्रश्न असतात. वस्तूला लागलेला माल कुठला? घडवणारा हात कुठला? तिच्यावरचे रूप कुठून आले? आणि कोणी, कशासाठी, कुठे ती शेवटची ठेवली? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्तमधली एक सुरी आहे. पहिल्या तीन प्रश्नांना ती उत्तर देते, चौथ्याला देऊ शकत नाही. ते का, हे समजून घेण्यासारखे आहे.

लूव्रचे अभ्यासक झॉर्झ बेनेदित यांनी ही सुरी १९१४ च्या फेब्रुवारीत कैरोच्या एका पुराणवस्तू-व्यापाऱ्याकडून घेतली. तेव्हा पाते आणि मूठ सुटी होती. मूठ गेबेल अल्-अराक या ठिकाणची, असे व्यापाऱ्याने सांगितले. दगडी पाते मात्र त्याने इजिप्तमधल्याच अबायडॉस इथे नुकत्याच सापडलेल्या वस्तूंचा नमुना म्हणून पुढे केले. ते याच मुठीचे आहे, हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते. बेनेदित यांनी ते ओळखले आणि पॅरिसला सहकाऱ्याला पत्राने कळवले. पाते अबायडॉसचे असेल, तर त्याची मूठ सुमारे ४० किलोमीटरवरच्या गेबेल अल्-अराकची कशी असेल? म्हणजे सगळी सुरीच अबायडॉसची असावी. पुढे अबायडॉसच्या प्राचीन दफनभूमीत अशाच कोरीव मुठींचे तुकडे उत्खननात मिळाले आणि त्या तर्काला बळ आले. सुरीला मात्र व्यापाऱ्याने सांगितलेले गाव चिकटले ते कायमचे. आजही जग तिला ‘गेबेल अल्-अराकची सुरी’ म्हणूनच ओळखते.

आता सुरीकडे जवळून पाहू. लांबी सुमारे २५ सेंटिमीटर. पाते पिवळसर चकमकीच्या दगडाचे. कारागिराने आधी दगडाला आकार दिला, मग दोन्ही बाजू घासून सपाट, गुळगुळीत केल्या. त्यानंतर एक बाजू तशीच ठेवून दुसऱ्या बाजूवर टोकदार हत्याराने दाब देत त्याने एकाला लागून एक अशा पातळ कपच्या काढल्या. त्यामुळे त्या बाजूवर सारख्या अंतराच्या वळणदार लाटा उमटल्या आहेत. एक कपची चुकली असती तर आधीची सगळी मेहनत वाया गेली असती. इतके पातळ आणि इतके निगुतीचे पाते रोजच्या कापाकापीसाठी कोणी करत नाही. म्हणूनच अशा सुऱ्या विधीच्या आणि मानाच्या मानल्या जातात. काळ इसवी सनापूर्वी ३५०० ते ३२०० च्या दरम्यानचा, म्हणजे गिझाचे पिरॅमिड उभे राहायला अजून पाचशेहून अधिक वर्षे होती.

मूठ पुष्कळ काळ हस्तिदंताची समजली जात होती. प्रत्यक्षात ती पाणघोड्याच्या दाताची आहे. हत्तीच्या सुळ्याचा आडवा छेद पाहिला तर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची जाळी दिसते. पाणघोड्याच्या दातात ती जाळी नसते, तिथे बारीक, नागमोडी, दाटीने बसलेल्या रेषा असतात. फरक एवढासाच, पण त्याने सुरीची कहाणी बदलते. हस्तिदंत असता तर तो दुरून, दक्षिणेकडून आणला असण्याची शक्यता धरावी लागली असती. पाणघोडा तर नाईलच्याच पाण्यातला, रोजच्या पाहण्यातला आणि भीतीतला प्राणी.

माल घरचा, पण मुठीवरचे एक रूप मात्र लांबचे. एका बाजूला दोन सिंहांच्या मधोमध त्यांना आवरून धरणारा दाढीवाला पुरुष कोरला आहे. त्याची गोल काठाची टोपी आणि लांब वस्त्र हुबेहूब मेसोपोटेमियातल्या उरुकच्या राजपुरोहितासारखे आहे. दुसऱ्या बाजूला लढणारी माणसे आणि दोन धाटणीच्या होड्या. दगड नाईलकाठचा, दात नाईलमधला, कोरणारा हात बहुधा तिथलाच, आणि कल्पना दूर पूर्वेकडून आलेली. पाच हजार वर्षांपूर्वीसुद्धा माणसे एकमेकांच्या देवांची आणि राजांची रूपे पाहत होती, मनात साठवत होती आणि आपल्या मातीतल्या वस्तूंवर उमटवत होती. शुद्ध एकाच ठिकाणचे असे फार थोडे असते, हे ही मूठ फार सुंदरपणे सांगते.

चौथा प्रश्न मात्र उरतोच. ती कोणाच्या थडग्यात होती? सोबत कोणती भांडी होती, कोणते मणी होते? सुरी देहाच्या उजवीकडे होती की उशाशी? दगडाची तपासणी आज करता येते, उद्याही करता येईल. पण ज्याने ही सुरी नोंद न करता उचलून बाजारात नेली, त्याने या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी नष्ट केले. कोणत्याही प्रयोगशाळेला ते परत आणता येणार नाही.

हा प्रश्न आपल्यालाही जवळचा आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली झाडाचा बुंधा खणताना एका शेतकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ब्राँझची चार शिल्पे मिळाली. मिळून वजन साठ किलोहून अधिक. ती शास्त्रीय उत्खननात, मातीच्या थरात सापडली नाहीत आणि धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरूनही प्रश्न निघाले. म्हणून त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. पण निदान गाव ठाऊक होते, शेत ठाऊक होते, त्यामुळे तिथे पुढे रीतसर शोध घेता आला.

नांगरताना, पाया खणताना, विहिरीच्या गाळात आपल्याही हाती असे काही लागू शकते. १८७८ च्या कायद्याप्रमाणे असा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पण कायद्याआधी मनाची सवय हवी : वस्तू उचलण्याची घाई न करणे, ती घासूनपुसून चकचकीत न करणे, जागा जशीच्या तशी राखणे आणि जाणत्याला बोलावणे. वस्तूची किंमत तिच्या दगडात आणि दातात असते, तितकीच ती ज्या मातीत निजली होती त्या मातीत असते. आज जुन्या वस्तूपुढे उभे राहिलो तर ‘केवढ्याची?’ हे मागाहून विचारू. आधी विचारू, ‘कुठे होती आणि कशी होती?’ हा प्रश्न वेळेवर विचारला, तरच पुढच्या पिढ्यांना खरे उत्तर मिळेल.