क्रूस नसलेले पदक

शास्त्रपाठ : मार्क 10:35-45, योहान 5:44



इंदूर शहरात खान नदीच्या काठी, राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. होळकर घराण्यातील कृष्णाबाई, महाराज तुकोजीराव दुसरे व महाराज शिवाजीराव यांची ही स्मारके. यांपैकी तुकोजीराव महाराजांना लाभलेल्या एका बहुमानाविषयी आज आम्ही लिहीत आहोत. कारण त्यात ख्रिस्ती माणसाने विचार करावा अशी एक गोष्ट आहे.

1861 साली व्हिक्टोरिया राणीने ‘स्टार ऑफ इंडिया’ नावाचा सरदारांचा संघ स्थापन केला. आरंभी त्यात अवघ्या 25 सरदारांना जागा होती. तुकोजीराव त्या पहिल्या सरदारांपैकी एक. पुढे 1866 साली संघाचे तीन वर्ग झाले व त्यांना सर्वांत वरचा वर्ग मिळाला. त्यांचे पूर्वज मल्हारराव धनगराच्या घरी जन्मून तलवारीच्या बळावर माळव्याचे सुभेदार झाले होते. हे नवे सरदारपद मात्र निव्वळ मानाचे. त्यासाठी ना घोड्यावर बसावे लागे, ना रणात उतरावे लागे.

या संघाच्या पदकाची एक विशेष गोष्ट आहे. युरोपातील अशा बहुतेक संघांच्या पदकांवर क्रूस असतो. या पदकावर तो मुद्दाम ठेवला नाही; हिंदी राजांना तो रुचणार नाही, म्हणून. त्यावर तारा होता, स्वर्गाचा प्रकाश आपला वाटाड्या आहे अशा अर्थाचे बोधवाक्य होते. फक्त क्रूस नव्हता.

यात आम्ही कोणाला दोष देत नाही. ज्याचा विश्वास नाही त्याच्या छातीवर क्रूस लावणे योग्य झाले नसते. शिवाय हिऱ्यांनी मढवलेला क्रूस छातीवर मिरवणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे. प्रश्न आपला आहे. बाप्तिस्मा घेतलेले आपण क्रूस नसलेले पदक का मागतो?

जब्दीचे मुलगे याकोब व योहान यांनी नेमके तेच मागितले. प्रभूच्या गौरवात एकाला उजवीकडची व दुसऱ्याला डावीकडची जागा हवी होती. प्रभू तेव्हा यरुशलेमेच्या वाटेवर होता व आपल्या मरणाविषयी नुकताच बोलला होता. त्याने त्यांना झिडकारले नाही. आपला प्याला तुम्हांला पिता येईल काय, एवढेच विचारले. पुढे काय झाले पाहा. प्रभू वधस्तंभावर असताना त्याच्या उजवीकडे व डावीकडे दोन लुटारू होते (मार्क 15:27). आणि याकोबाला आसन नव्हे तर प्याला मिळाला, हेरोदाने त्याला तलवारीने मारले (प्रे. कृ. 12:2). ज्याने जागा मागितली होती, त्याने शेवटी जीव दिला. कृपा माणसाला अशी बदलते.

याउलट हामान पाहा (एस्तेर 6). राजा ज्याचा सन्मान करू इच्छितो तो आपल्यावाचून कोण, असे त्याला वाटले. म्हणून त्याने राजाची वस्त्रे व राजाचा घोडा सुचवला. अखेर तोच घोडा धरून त्याला मर्दखयापुढे चालावे लागले.

आता आपल्या मंडळीकडे वळू. कमिटीची निवडणूक आली की बोलणे बंद झालेली घरे आपण पाहतो. वडीलपद गेले की उपासनेला येणेही थांबते. बाकावर नाव कोरले नाही म्हणून अर्पण आटते. व्यासपीठावर खुर्ची मिळाली नाही, हे दुःख वर्षानुवर्षे पुरते. पद वाईट नाही. मंडळीला वडील व डीकन हवेतच. पण पद गेल्यावर सेवाही संपत असेल, तर आपण धरले होते ते पदकच, त्यावर क्रूस नव्हता.

एकमेकांकडून मान घेणाऱ्यांना विश्वास ठेवणे कसे जमेल, असा प्रभूचा प्रश्न आहे. म्हणजे हा केवळ स्वभावाचा दोष नाही; येथे विश्वासच पणाला लागतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, तुमची आठवण येथे विशेष होते. पाऊस असो वा परीक्षा, आठदहा मुलांसमोर तुम्ही उभे राहता. वार्षिक अहवालात तुमच्या वाट्याला एखादी ओळ येते, कधी तीही राहून जाते. परंतु ज्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या सेवेत तुम्ही आहात. तो विसरत नाही.

तुकोजीरावांच्याच कारकिर्दीत, 1877 साली, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे सेवक इंदुरात आले. राजदरबारी पदकातून वगळलेला क्रूस शहरात आला तो असा, सुवार्तेच्या शब्दातून. आणि त्या संघाचे काय झाले? 1948 नंतर त्यात नवी नेमणूक झाली नाही. 1950 साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने 18 व्या कलमान्वये किताब रद्द केले. 2009 साली अलवारचे महाराज तेजसिंह वारले, आणि संघाचा शेवटचा सरदारही गेला.

ख्रिस्ताने मात्र स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, वधस्तंभाचे मरण सोसले, म्हणून देवाने त्याला सर्वांहून उंच केले (फिलिप्पै. 2:5-11). त्याच्या राज्यात मानाची वाट हीच, दुसरी नाही. या आठवड्यात कोणी आभार मानणार नाही असे एक काम मंडळीसाठी करू या, आणि ते कोणाला सांगू नये. ज्या भावाशी वा बहिणीशी पदावरून अबोला आहे, त्यांच्या दारी आपणच आधी जाऊ या.

प्रभू आपणांस तशी कृपा देवो. आमेन.