श्वान, स्वामी आणि दारी आलेला माणूस

माणसाने कुत्रा पाळावा की पाळू नये, हा प्रश्न आम्ही येथे घेतलेला नाही. ज्याला ज्याची सोबत रुचते त्याने ती करावी. नोकरीनिमित्त परमुलखात राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आज कुत्रा आहे, आणि तो का आहे हे आम्हांस समजते. मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस गेलेली, शेजार दर तीन वर्षांनी बदलणारा, भोवतालची भाषा परकी, आणि संध्याकाळी कचेरीतून परतल्यावर फाटकाशी आनंदाने धावत येणारा जीव काय तो तेवढा एकच. अशा जीवाविषयी कठोर शब्द लिहिण्याचे आमच्या मनात नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. आपण ज्याला आपल्या कामासाठी आपण होऊन दारी बोलावले, त्याच्यावर आपल्याच दारी कुत्रा धावून गेला, तर त्याचे दायित्व कोणाचे? कुत्र्याचे, आपले, की 'जरा जपून यायला काय झाले होते' असे ज्याला आपण वर ऐकवितो, त्या माणसाचे?

विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु २०२३ च्या जानेवारीत हैदराबादेच्या बंजारा हिल्स भागात जेवण पोहोचविण्यास गेलेला तेवीस वर्षांचा एक तरुण, ग्राहकाच्या घरातील जर्मन शेफर्ड अंगावर आला म्हणून पळाला, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. त्याच वर्षी मे महिन्यात, त्याच शहराच्या मणिकोंडा भागात, माल घेऊन आलेल्या दुसऱ्या एकाने डोबरमनच्या भयाने तिसऱ्या मजल्यावरून उडी घेतली. तो जखमी झाला, पण वाचला. दोघांपैकी कोणीही भिंत ओलांडून गेला नव्हता. दोघेही दिलेल्या पत्त्यावर, सांगितलेले काम करावयास गेले होते.

या माणसाला मराठीत धड नाव नाही, ही गोष्टही आम्हांस सूचक वाटते. 'डिलिव्हरी बॉय' हा शब्द सर्रास चालतो, आणि चाळिशी उलटलेल्या, दोन मुलांच्या बापालाही आपण त्या एका शब्दाने पोरसवदा करून टाकतो. पूर्वी असे नव्हते. पेशवेकालीन पत्रांतून 'जासूदजोडी' हा शब्द पदोपदी भेटतो. जासूद जोडीने पाठवीत. वाटेत एकावर प्रसंग गुदरला तरी दुसऱ्याने पत्र पुढे न्यावे, हा त्यातला हिशेब सहज उमगण्याजोगा आहे. पुढे कंपनी सरकारच्या टपालात हरकारा पळू लागला, तेव्हा त्याच्या भाल्याला घुंगरू बांधलेले असत, आणि रानातल्या टप्प्यांवर रात्री मशालजी व डुगडुगी वाजविणारा त्याच्या सोबतीस देत. म्हणजे वाटेत श्वापद भेटणार हे धरूनच त्याची नेमणूक होत असे. ते राज्यकर्ते काही दयेबद्दल प्रसिद्ध नव्हते. परंतु टपाल पोहोचावयाचे तर आधी माणूस पोहोचला पाहिजे, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. आज पाठीवर चौकोनी पेटी आणि हाती फोन घेऊन जो एकटा येतो, त्याच्या वाटेतले श्वापद कोणाच्याच हिशेबात नाही. नीती आयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २०२०-२१ मध्ये देशात अशा सुट्या, कामागणिक मोबदल्याच्या रोजगारावर ७७ लाख माणसे असल्याचा अंदाज दिला होता. त्यांत प्रवासी वाहने चालविणारे व इतरही येतात, हे खरे. तथापि आपल्या फाटकाशी येणाऱ्यांची संख्या त्यांत थोडीथोडकी नसावी.

आता क्षणभर कुत्र्याच्या बाजूने पाहू. टपालवाल्याशी कुत्र्याचे इतके वैर का, याचा प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक जो उलगडा करतात तो मोठा मौजेचा आहे. अनोळखी माणूस हद्दीत येतो, कुत्रा भुंकतो आणि माणूस निघून जातो. माणूस जातो तो काम संपले म्हणून. कुत्र्याची मात्र समजूत होते की आपण त्याला पिटाळले. असा विजय रोज मिळू लागला म्हणजे भुंकण्याला धार चढते आणि एखाद्या दिवशी माणूस लवकर हलला नाही तर पुढची पायरी गाठली जाते. घरपोच माल आणणारा अर्ध्या मिनिटात परततो. डोक्यावर शिरस्त्राण, पाठीवर पेटी, चालण्यात घाई, दर वेळी नवा चेहरा आणि नवा वास. त्यातून तो घाबरून धावू लागला, तर धावत्याच्या मागे लागणे हा कुत्र्याचा जन्मजात स्वभावच आहे. तेव्हा कुत्र्याला दोष देता येत नाही. तो आपल्या समजुतीप्रमाणे इमानाने चाकरी करीत असतो. बोलावलेला कोण आणि न बोलावता आलेला कोण, हा भेद त्याला कळत नाही. तो भेद घरात ज्याने बोलावले त्यालाच कळतो, आणि आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

येथे गृहस्वामी फाटकावरच्या पाटीकडे बोट दाखवितो. ही पाटी फार प्राचीन आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेई नगरातील एका घराच्या प्रवेशद्वारी खडे जडवून कुत्र्याचे चित्र काढलेले आहे, आणि त्याच्या पायाशी 'कुत्र्यापासून जपा' अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. जाता जाता एवढेच सांगतो की त्या चित्रातला कुत्रा साखळीने बांधलेला आहे. आपण रोमनांची पाटी तेवढी उचलली. पण पाटी सांगते काय? ती सांगते की, धोका आहे हे मला ठाऊक आहे, तुलाही कळविले, आता पुढचे तुझे तू पाहा. ज्याला परत फिरण्याची मोकळीक आहे त्याच्यापुरते हे बोलणे रास्त ठरेल. वर्गणी मागणारा किंवा फिरता विक्रेता पाटी वाचून पुढच्या घराकडे वळू शकतो. ज्याला आत आलेच पाहिजे असे काम आपणच नेमून दिले, त्याला ती वाचून काय लाभ? उलट ती घरधन्याविरुद्धच साक्ष देते. काही ॲपांत 'घरी प्राणी आहे' असे कळविण्याची सोय असते, ती याच पाटीची नवी आवृत्ती होय. ती उपयोगी आहे, पण कळविणे म्हणजे बांधणे नव्हे.

परत फिरण्याची मोकळीक हा मुद्दा आम्हांस फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत २०२४ साली टपाल कर्मचाऱ्यांवर कुत्र्यांनी हल्ला केल्याच्या सहा हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली. परंतु तेथे मोकाट कुत्रा असलेल्या घराचे टपाल थांबविण्याची टपालखात्याला मुभा आहे, आणि प्रसंगी साऱ्या गल्लीचे टपाल थांबते. गल्लीचे थांबले म्हणजे शेजारीच कुत्र्याच्या मालकाला समज देतात, हा त्यातला खरा गुण! इंग्लंडात १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या कायद्याचा अंमल सार्वजनिक जागेपुरता होता. टपाल कामगारांच्या संघटनेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०१४ साली तो खासगी आवारांनाही लागू झाला. आपल्याकडील जेवण किंवा किराणा आणणाऱ्या माणसाला फाटकावरून परत फिरण्याची किंमत स्वतः मोजावी लागते. खेपेचे पैसे पदरी पडतील याची शाश्वती नाही, आणि ग्राहकाने रागाने एक तारा दिला तर पुढच्या कामावर त्याची छाया पडते. म्हणून तो आत येतो. त्याला आपण 'धीट' म्हणतो.

'त्याला त्याचे पैसे मिळतात ना?' असा एक प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. मिळतात, पण ते अंतराचे आणि खेपेचे मिळतात, पोटरीचे मिळत नाहीत. चावा लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी लागते, आणि मग पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवसापासून पुढे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत लशीसाठी रुग्णालयाच्या खेपा घालाव्या लागतात. जखम खोल असेल तर आणखी एक औषध जखमेतच टोचतात. यांत हयगय करून चालत नाही, कारण पिसाळ रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. सरकारी रुग्णालयात लस विनामूल्य मिळाली तरी रांगेतला दिवस विनामूल्य नसतो. मासिक वेतनावर रजा टाकणाऱ्याला हा खर्च दिसत नाही. आमच्या वाचकांना तो दिसावा म्हणूनच आम्ही तो मांडला.

कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी दक्षता न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु कायदा घटनेनंतर येतो, आणि फिर्याद देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच वसाहतीत पुन्हा यावयाचे असते. म्हणून कायद्याच्या आधीची गोष्ट पाहिली पाहिजे.

अतिथी या शब्दाची फोड आपल्याकडे अशी करतात की, जो तिथी न कळविता येतो तो अतिथी. अशा अवचित आलेल्याचेही रक्षण गृहस्थाने करावे, असा आपला संकेत. मग जो तिथीच काय, मिनिटदेखील कळवून येतो त्याचे काय? पूर्वी टपालवाला केव्हा येईल हे सांगता येत नसे, आणि 'आम्हांला कुठे ठाऊक होते?' या म्हणण्यात थोडे तरी तथ्य होते. आज तो कोणत्या वळणावर आहे, किती मिनिटांत पोहोचेल, त्याचे नाव काय, हे सर्व आपण तळहातावरच्या नकाशात पाहत बसलेले असतो. आपली भूक त्या नकाशावर डोळे लावून असते. त्या दहा मिनिटांत कुत्र्याला आतल्या खोलीत नेऊन दार लावणे अशक्य आहे असे कोण म्हणेल? अजाणतेपणाचा आधार या यंत्राने काढून घेतला आहे. यापुढे जे घडेल ते माहीत असून घडेल.

प्राणिप्रेमी मंडळी अशा वेळी धर्मराजाचा दाखला देतात, आणि तो दाखला फार मोठा आहे, हे आम्ही मान्य करतो. महाप्रस्थानाच्या शेवटी, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून रथात चढ असे इंद्राने म्हटले असता युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला. पण त्या कथेत एक बारकावा आहे. कुत्र्यासाठी त्याने जे पणाला लावले ते स्वतःचे होते. भीमाचा किंवा नकुलाचा स्वर्ग त्याने देऊ केला नाही. महाभारताच्या आरंभीही कुत्र्याचीच एक कथा आहे, ती मात्र कोणी फारशी सांगत नाही. जनमेजयाच्या सत्रात त्याच्या भावांनी सरमेच्या पिलाला मारले. सरमा येऊन विचारती झाली की, माझ्या मुलाने हवि चाटले नाही, त्याकडे पाहिलेदेखील नाही, मग त्याला मार का? कोणीच उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला की, तुमच्यावर न दिसणारे भय कोसळेल. पुढे राजाला त्या शापाच्या निवारणासाठी पुरोहित शोधीत हिंडावे लागले. काही न करणाऱ्याला मार का, हा सरमेचा प्रश्न आज तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात उभा असलेला माणूस विचारीत आहे, आणि आपण जनमेजयाच्या भावांप्रमाणे गप्प आहोत.

हीच कसोटी रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही लावावी. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी वसाहतीतल्या कुत्र्यांना अन्न देण्याची जागा प्रवेशद्वारे, जिने आणि मुलांची खेळण्याची ठिकाणे यांपासून दूर ठरविण्यास सांगितले आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटके कुत्रे उचलण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेले व हल्लेखोर सोडून इतरांना नसबंदी-लसीकरणानंतर त्यांच्या जागी परत सोडण्यास सांगितले. या वादात दोन्ही पक्षांनी पुष्कळ शाई खर्ची घातली. आम्हांस एवढेच विचारावयाचे आहे की, फाटकाशी भाकरी टाकणाऱ्याच्या दयेचे मोल रात्री अकरा वाजता त्या फाटकातून दुचाकीवर येणाऱ्याने का द्यावे? अनेक संकुलांत माल आणणाऱ्यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये असे फलक लागलेले असतात. कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येणार नाही, असे मात्र प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच कळविलेले आहे. कुत्र्याला तरी वाली आहे, याचा आम्हांस आनंदच आहे.

बदलीवर राहणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सरकारी निवासस्थान सोडताना पंखे, दिवे, नळ, चाव्या यांची यादी होते. उतरवून देणारा आणि उतरवून घेणारा तीवर सह्या करतात. कुत्रा त्या यादीत नसतो. लांबच्या बदलीत त्याला नेणे जमत नाही, आणि 'माळी बघेल' असे म्हणून कित्येक जण त्याला आवारात सोडून जातात. मालक गेलेला, हद्द मात्र तीच राहिलेली, असा तो कुत्रा मग त्या फाटकाचा होतो, आणि दिवसेंदिवस अधिक संशयी होतो. नवे कुटुंब येते. सामान अजून सुटलेले नसते, चूल पेटलेली नसते, म्हणून पहिल्या रात्रीचे जेवण बाहेरून मागविले जाते. ते घेऊन येणाऱ्या माणसाला, किंवा मागविणाऱ्यालाही, त्या कुत्र्याविषयी कोणी काही सांगितलेले नसते.